खोलातलं तांबं

भाताची लोंबी भरली की वाकते, रिकामी असली की ताठ उभी राहते. खोलातल्या शेतातलं भात गेली दोन वर्षं कापणीपर्यंत ताठच उभं राहिलं होतं. रस्त्यावरून जाणारा थांबून म्हणायचा, काय पीक आलंय! आणि थोरलीला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटायचा. छातीला लागेल एवढं उंच, हिरवंगार, आणि लोंबी चिमटीत दाबली की नुसती टरफलं. दोन्ही वर्षी मळणीनंतर उफणायला घेतलं तेव्हा सुपातलं निम्म्याहून जास्त वाऱ्याबरोबर उडून गेलं होतं.

यंदा तिसरं वर्ष. लावणीला महिना होतो न होतो तोच नव्या पानांची टोकं पांढुरकी पडली, मग सुईसारखी वळली. थोरली बांधावर बसली आणि एक पान बोटांनी उलगडायला लागली. ते उलगडेना, तुटलं.

घरात माणसं दोनच, ती आणि तिचे वडील. थोरली बेचाळीस वर्षांची. लग्न दोनदा जमत आलं होतं, दोन्हीदा कशानं तरी मोडलं, आणि तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही. धाकटा भाऊ शहरात गॅरेजात कामाला होता, बायकामुलांसह तिथंच राहायचा. आई तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तापानं गेली. ती गेल्यापासूनच खोलातल्यात दाणा भरेनासा झाला, आणि गावाला तर असल्या गोष्टी आधी दिसतात. पाणवठ्यावर एक बाई थोरलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली होती, "बाई गेली ती शेतातला दाणा पदरात बांधूनच गेली." थोरलीनं आईचा तांब्याचा हंडा कमरेवर घेतला आणि घरी आली. पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नाही.

हंडा आईच्या माहेरचा. एका बाजूला मोठा पोचा होता, आई एकदा बांधावरून घसरली होती तेव्हाचा. आजारात एकदा शुद्धीवर असताना आई म्हणाली होती, "हा हंडा थोरलीचा. बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा." बाकी काही नव्हतंच म्हणा. पोचा नेमका थोरलीच्या कमरेच्या हाडावर बसायचा, जणू मापानं पाडलेला.

आणि तापाच्या भरात आई एकच बडबडायची. "खोलातल्याला यंदा शेण गेलं नाही हो. पाटी टाका. पाटी टाका."

ते बाबांनी मनावर घेतलं. असं घेतलं की गाव त्यांना पाटीवाले म्हणायला लागलं. रोज सकाळी गोठ्यातलं ओलं शेण पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि उतारानं खोलातल्यात जायचं. लावणीआधी शेतभर टाकायचं, लावणीनंतर पाण्याच्या तोंडाशी, म्हणजे पाण्याबरोबर आपसूक पसरेल. शेणाचं पाणी त्यांच्या मानेवरून पाठीत उतरायचं आणि ते चालता चालता हळू आवाजात बोलत असायचे. "आज दोन झाल्या. उद्या तीन टाकतो. आता कमी पडू देत नाही." कुणाशी बोलतात ते थोरलीला माहीत होतं. तिनं कधी विचारलं नाही.

फक्त पाटापलीकडचा, लव्हाळ्याआडचा, अंगणाएवढा एक तुकडा राहायचा. कापणीला तो मजुरीच्या बायकांच्या वाट्याला जायचा आणि त्याचं भात बाकीच्यात मिसळून जायचं. पाटावर ओंडका टाकलेला होता, आणि बाबांचा गुडघा ओंडक्यावर भरवशाचा राहिला नव्हता. "त्या बिचाऱ्याला काहीच मिळत नाही," असं ते हळहळून म्हणायचे, जसं काही पंगतीत एखाद्याच्या पानात वाढायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात धाकटा आला. चप्पल काढायच्या आधी शेत बघून आला होता.

"बाबा, किती दिवस टरफलं पिकवणार?"

"पाणी घे आधी," बाबा म्हणाले.

"शेत भाड्यानं घ्यायला एक तळेवाला तयार आहे. खोलगट जागाच हवीय त्याला. मासे सोडेल. दर वर्षी काहीतरी हातात तरी पडेल. तुम्ही दोघं माझ्याकडे या."

"तुझ्याकडे कुठं?"

"मागची खोली आहे की."

"मागच्या खोलीत टायर आहेत."

"काढीन टायर!" धाकटा चिडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमचा गुडघा बघवत नाही मला. ताई, तू तरी सांग ना."

थोरली चुलीतली राख ओढत राहिली. धाकट्याचं काही चूक नव्हतं, हेच तर अवघड होतं. पण तिनं ती खोली पाहिली होती. खिडकी भिंतीवर उघडायची. तिथं जाऊन ती कोण असणार होती? भावजयीच्या स्वयंपाकघरातली एक जास्तीची बाई. इथं निदान लावणीच्या रांगेत पहिली काडी तिच्या हातची असायची. तिला जायचं नव्हतं. बाबांना तर मुळीच नव्हतं.

बाबांनी भिंतीला धरून गुडघा सरळ केला. मग कोपऱ्यातल्या भात साठवायच्या कणगीकडे बोट करून म्हणाले, "यंदाचं पीक बघू. ही कणगी निम्मी भरली तर शेत राहील. नाही भरली तर खोद तुझं तळं. शब्द दिला."

बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. धाकट्यालाही ते माहीत होतं. तो जेवून लगेच निघाला.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं शेतातली माती पाच ठिकाणची काढली, सुकवली, पिशवीत बांधली आणि बसनं जाऊन माती तपासायच्या कचेरीत देऊन आली. तीन आठवड्यांनी या म्हणाले. ती तीन आठवड्यांनी गेली तेव्हा भात पोटरीत यायच्या, म्हणजे लोंबी पोटात धरायच्या बेताला आलं होतं.

माती तपासणारी बाई डबा खात होती. चष्मा कपाळावर, समोर काचेच्या नळ्यांची रांग. तिनं थोरलीला स्टुलावर बसवलं, एक कागद शोधून काढला आणि चष्मा खाली ओढला.

"तांबं मिळत नाहीये पिकाला. म्हणून दाणा भरत नाही."

"तांबं?" थोरलीला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

"तांबंच. अगदी चिमूटभर लागतं, पण लागतं. ते नसलं की पीक नुसतं उंच वाढतं."

"मग आमच्या मातीत तांबं नाही?"

"आहे की! तीच तर गंमत. हवं त्याहून जास्त आहे. पण माती सोडत नाही." बाईनं डब्याचं झाकण लावलं. "मला सांगा, शेणखत किती टाकता?"

थोरलीनं पदर सारखा केला. "टाकतो. बऱ्यापैकी."

"कुजवून की ओलं?"

"ओलं. रोजच्या रोज."

"आणि पाणी? मधे शेत कोरडं करता का कधी?"

"आई करायची. हंगामात दोनदा बांध फोडून पाणी काढून टाकायची. आता नाही."

"आणि शेण?"

"ती... ती वर्षभर खड्ड्यात मुरवायची. मगच न्यायची." बोलता बोलता थोरलीचा आवाज बारीक झाला. हे तिनं जन्मभर पाहिलं होतं, पण त्यात काही होतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"तुमच्या आई शहाण्या होत्या," बाई म्हणाली. "खोलगट, काळी, दलदलीची माती. आधीच तिच्यात कुजकं खूप. त्यात वरून कच्चं शेण, आणि पाणी कायम साचलेलं. तांबं त्या कुजक्याला असं चिकटून बसतं की सुटत नाही. मूळ तिथंच, तांबं तिथंच, पण दोघांचा अबोला. जितकं शेण घालाल तितकी माती आणखी घट्ट धरणार. शेण बंद करा, पाणी काढा, शेताला उन्हात तडे जाऊ द्या. एक-दोन वर्षांत येईल ताळ्यावर."

"आणि यंदा?"

"यंदा उशीर झालाय. मोरचूद, त्यात तांबंच असतं, आणि चुन्याची निवळी, पानांवर फवारा. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडाच्या नको. थोडं हाती लागेल. सगळं नाही."

परतीच्या बसमध्ये थोरली निळ्या मोरचुदाची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. शेण बंद करा. एवढंच तर सांगायचं होतं. पण कसं सांगायचं? बाबा, तीन वर्षं तुम्ही मानेवर जे वाहिलंत त्यानंच शेत मारलं. आईचा शेवटचा शब्द म्हणून जे केलंत तेच चुकलं. आईनं सांगितलं ते मुरलेलं शेण होतं, तुम्ही ओलं नेलंत. हे सांगणं म्हणजे बाबांच्या हातातून आईला दुसऱ्यांदा काढून घेणं होतं. बस उताराला लागली तेव्हा तिचं ठरलं. यंदा कसंही निभावून न्यायचं. पुढच्या वर्षी हळूच सांगायचं.

"काय म्हणाले?" बाबा दारातच उभे होते.

"तांबं कमी पडतंय म्हणाले. तांबं."

"तांबं," बाबांनी मान हलवली. जणू एखाद्या दूरच्या पाहुण्याचं नाव पहिल्यांदा ऐकत होते. "म्हणजे जमिनीच्या पोटातच नाहीये."

"हं," थोरली म्हणाली.

हा एवढासा हुंकार तिला पुढे फार महाग पडला.

दुसऱ्या सकाळी बाबांनी पाटी उचलली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. गुडघा सुजलाय."

"शेताला कमी पडतंय म्हणतेस आणि वर पाटी राहू द्या म्हणतेस? अगं, उपाशी माणसाचं ताट कुणी ओढतं का?"

तिनं पाठीवर पंप घेतला आणि फवारायला लागली. निळसर पाणी तिच्या हातांवर सुकून पांढरे डाग पडत होते. दुपारी बाबा आडवे झाले तेव्हा तिनं फावड्यानं बांधाला तोंड केलं. पाणी घळघळ वाहायला लागलं. संध्याकाळी जाऊन पाहते तर बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून दोन्ही हातांनी ते भोक बुजवत होते.

"खेकड्यांनी पोखरलं," ते धापा टाकत म्हणाले. "नशीब माझं लक्ष गेलं, नाहीतर सगळं वाहून गेलं असतं. दे, तो चिखल दे इकडे."

थोरलीनं चिखल दिला. एकदा तिचे ओठ हललेसुद्धा. पण बाबांचा चेहरा इतका समाधानाचा होता की शब्द आतल्या आत राहिले. तिला स्वतःची लाज वाटली आणि बाबांची दया आली, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे ती नुसती चिखल देत राहिली.

चार दिवसांनी ती पाण्याला निघाली तर हंडा जागेवर नव्हता.

तिनं घर शोधलं, गोठा शोधला. बाबाही नव्हते. शेजारीण म्हणाली, सकाळी काहीतरी पोत्यात घालून तांबटाकडे जाताना दिसले. थोरली पळतच सुटली.

तांबट दुकानाच्या पायरीवर बसला होता. तिला बघून उठला. हातात कात्री होती ती उगाच पाठीमागे नेली.

"मी तीनदा विचारलं त्यांना," तो म्हणाला. "म्हटलं, चांगला हंडा आहे, वहिनींचा आहे, पोचा काढून देतो, नवा होईल. म्हणाले, नखाएवढे तुकडे कर. मी म्हटलं, अहो पाटीवाले, कशाला? तर म्हणाले, शेताला घालायचंय. आता मोठ्या माणसाला मी काय सांगू? काठ जाड होता, त्याला कात्री लागेना. तो तसाच दिला, वळं करून."

बाबा शेतात होते. भाताच्या रांगांमध्ये कंबर वाकवून, कमरेला फडक्याची झोळी बांधून. एक तुकडा घ्यायचा, बुंध्याशी धरायचा, अंगठ्यानं चिखलात दाबायचा, वर पाणी सारखं करायचं. मग पुढचा. अंगठा कापून रक्त येत होतं. लावणी करावी इतक्या सरळ रेषेत ते चालले होते. थोरली बांधावर उभी राहिली.

"बाबा, हे काय केलंत?"

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर घाम, आणि एखादं बक्षीस मिळालेल्या पोरासारखं हसू. "तूच म्हणालीस ना, तांबं नाही? सगळी रात्र विचार केला. दुकानातलं तांबं कुणाचं, कुठलं, काय ठाऊक. तिच्या हातचं असलं तर शेत ओळखेल. वळं पाण्याच्या तोंडाशी पुरलंय. रोज पाणी त्याच्यावरून येईल." मग तिच्याकडे बघून हसू जरा मावळलं. "तुझा होता, माहीत आहे मला. तुला विचारायला हवं होतं. पण शेत राहिलं तर तुझंच आहे ना?"

ती चिखलात उतरली. झोळीत हात घालून तिनं मूठभर तुकडे घेतले. त्यात एक वाकलेला होता, पोच्याच्या कडेचा. तो तिच्या बोटांनी बरोबर ओळखला. तो तिनं सगळ्यांत शेवटी दाबला. त्या दिवशी दोघं अंधार पडेपर्यंत शेतात वाकून होती, आणि त्यातल्या एकीला माहीत होतं की हेही तांबं माती धरून ठेवणार आहे.

लोंब्या बाहेर आल्या. आठ दिवस दोघंही त्यांच्याकडे बघायचं टाळत राहिली. मग बघितल्याशिवाय राहवेना. इथं तिथं एखादी मान लवत होती, जिथं फवारा नीट बसला होता तिथं. बाकी सगळं भात ताठ.

कापणीच्या दिवशी धाकटाही आला. तिघं विळे घेऊन उतरली. पेंढी उचलली की हात आपोआप वर जायचा, वजनच नव्हतं तिला. दुपारी थोरली पाटापलीकडच्या तुकड्याकडे वळली तेव्हा बाबा म्हणाले, "थांब, मी येतो. त्या बिचाऱ्याचं तेवढं माझ्या हातानं कापतो." धाकट्यानं हाताला धरून त्यांना ओंडक्यावरून नेलं.

पलीकडे पाय ठेवला आणि बाबा थांबले.

तिथलं भात बुटकं होतं, पिवळं झालं होतं, आणि सगळं एका बाजूला झुकलं होतं. बाबांनी एक लोंबी तळहातावर घेतली. ती जड होती. त्यांनी दाणा काढला, दातानं फोडला. पांढरा, टणक. दुसरी लोंबी घेतली. तिसरी घेतली. मग वळून त्यांनी पाटाच्या अलीकडचं, ताठ उभं राहिलेलं शेत पाहिलं. पुन्हा इकडे पाहिलं.

"इथं मी पाटी टाकलीच नाही," ते म्हणाले.

धाकट्याला काही कळलं नाही. थोरलीच्या हातातला विळा तसाच राहिला.

"तीन वर्षांत एकदाही नाही," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"कचेरीत गेले होते तेव्हापासून. तांबं आहे, असं तिथल्या बाई म्हणाल्या. शेणामुळं माती ते धरून ठेवते म्हणाल्या. तुम्हाला सांगायला..." तिनं विळा दुसऱ्या हातात घेतला. "मला नाही सांगवलं, बाबा."

ते रागावतील असं तिला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले, त्या झुकलेल्या भाताच्या शेजारी, आणि बराच वेळ आपला डावा अंगठा उजव्या हातानं चोळत राहिले. जखम केव्हाच भरली होती, नुसता वण होता.

"सगळं सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर हंडा तरी राहिला असता."

त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता, म्हणूनच ते तिच्या काळजात रुतलं. ती पाठ फिरवून कापायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि विळा चालत होता.

मळणी झाली, उफणणी झाली. पलीकडच्या तुकड्याचं भात तळाशी आणि खोलातल्याचं वर, असं कणगीत घातलं. बाबांनी वाकून कणगीत हात घातला तर खांद्यापर्यंत आत गेला, तेव्हा कुठं दाणे लागले. निम्मी काय, चौथाईसुद्धा नव्हती.

"बाबा," धाकटा म्हणाला, "ताई म्हणतेय शेत कोरडं केलं तर एक-दोन वर्षांत येईल. हवं तर थांबू आपण. मी सांगतो तळेवाल्याला."

खरं तर एवढं बोलायला त्याचं मोठं मन लागलं होतं. थोरलीनं आशेनं बाबांकडे पाहिलं.

"शब्द दिलाय," बाबा म्हणाले. मग खाली बघत, अगदी हळू, "आणि आता तिथं जाऊन मी काय करू? माझ्या हाताला तर तेवढंच येत होतं."

धाकट्यानं कणगीवर झाकण ठेवलं.

उन्हाळ्यात खोदाईचं मशीन आलं. शहराला जायला चार दिवस उरले होते, टायर निघाले होते. बाबा रोज काठी टेकत बांधावर येऊन बसायचे. काळी माती दातेरी तोंडानं उचलली जायची आणि पाण्याचे ओघळ गाळत काठावर पडायची. थोरली त्या ढिगांतून फिरायची, वाकून वाकून बघायची. नखाएवढे तुकडे कुठले सापडायला? तीन मिळाले, काळे-हिरवे पडलेले. पोच्याचा नव्हता त्यात.

तिसऱ्या दिवशी मशीनवाल्यानं हाक मारली. पाण्याच्या तोंडाशी खोदताना दातात काहीतरी अडकलं होतं. काठाचं वळं. जसं पुरलं तसं वर आलं होतं, नुसतं चिखलानं माखलेलं.

बाबांनी ते मांडीवर घेतलं. चिमूटभर ओली माती घेऊन घासायला लागले, मग पंच्याच्या टोकानं पुसलं, पुन्हा माती, पुन्हा पंचा. हिरवं निघालं, काळं निघालं. खालून तांबूस उजळ कड दिसायला लागली, आई रोज सकाळी घासायची तेव्हा दिसायची तशी. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन सगळीकडून फिरवून पाहिलं. कुठं झिजलंय का, कुठं कमी झालंय का.

"घे," ते म्हणाले. "यातलं काही खर्च झालं नाही."

थोरलीनं वळं घेतलं. सवयीनं तिचा हात वळला आणि ते कमरेवर टेकलं, नेमकं हाडावर, जिथं पोचा बसायचा तिथं. दुसऱ्या हातानं तिनं बाबांना उठवलं, आणि दोघं चढानं घराकडे निघाली.